घोरणाऱ्या मुलांचे मोजमाप

या अंकात दरवर्षी जी मंडळी आपल्या कामाविषयी लिहितात, त्यांच्या गाठीशी तीस-चाळीस वर्षांचा व्यवसाय असतो. माझ्या गाठीशी या कामाची जेमतेम सात वर्षे आहेत, आणि तीही वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षानंतरची. मी डॉक्टर नाही, परिचारिकाही नाही. चिंचवडमधील एका रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात मी झोपेच्या तपासणीची तंत्रज्ञ आहे; म्हणजे लोक झोपलेले असताना त्यांच्या शरीरात काय घडले याची नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी वाचते. एवढ्याशा भांडवलावर लिहायला बसणे हे धाडस आहे, याची मला जाणीव आहे. संपादकांना मी दोनदा नकार कळवला होता. तिसऱ्यांदा त्यांचा फोन आला तेव्हा समोर एक आई मुलाला घेऊन बसली होती. तिच्यादेखत नकाराची कारणे सांगत बसण्याचा संकोच वाटला, म्हणून हो म्हणून टाकले. वाचकांनी हे लेखन त्या संकोचाचे फळ समजावे आणि जिथे अधिकाराबाहेर बोलले असेन तिथे सांभाळून घ्यावे.

आधीची बावीस वर्षे मी भोसरीच्या एका कंपनीत गेज रूममध्ये होते. वडील पिंपरीच्या कारखान्यात कामगार होते. मुलीने एम.एस्सी. व्हावे हा त्यांचा हट्ट होता, आणि झाल्यावर तिने कारखान्यात जाऊ नये हाही त्यांचाच हट्ट होता. मी पहिला पाळला, दुसरा मोडला. गेज रूम म्हणजे कारखान्यातली मोजमापाची खोली. तिथे तपमान कायम एकसारखे ठेवलेले असते, कोणी मोठ्याने बोलत नाही, आणि माणसांशी फारसा संबंध येत नाही. माझ्या स्वभावाला ती जागा मानवली होती. पुढे कंपनीने तो विभाग चाकणच्या नव्या कारखान्यात हलवला आणि तिथे यंत्रेच आपापले मोजमाप करू लागली. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मग एका ओळखीच्या बाईंनी झोपेच्या तपासणीच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाची माहिती दिली. वर्गातील बाकी मुले-मुली विशी-बाविशीची होती. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तेव्हा सगळी उठून उभी राहिली. त्यांना वाटले, शिकवायला आले. ती समजूत दूर करायला मला दोन तास लागले, कारण तोवर माझ्या तोंडून शब्दच फुटला नव्हता.

आता कामाविषयी. मुले घोरतात, आणि बहुतेक मुलांचे घोरणे सर्दी गेली की जाते. काही मुलांचे जात नाही. त्यांच्या नाकामागची गाठ, जिला अ‍ॅडेनॉइड म्हणतात, आणि घशातले टॉन्सिल वाढलेले असतात. दिवसा घशाचे स्नायू वाट उघडी धरून ठेवतात. झोपेत ते सैल पडतात आणि वाट बंद होते. काही क्षण श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू मुलाला अर्धवट जागे करतो, एक आचका बसतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. हे रात्रीत कितीतरी वेळा घडते आणि सकाळी मुलाला त्यातले काहीही आठवत नाही. यालाच स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. मोठ्या माणसाला तो असला की माणूस दिवसा पेंगतो. मुलांचे बऱ्याचदा उलटे असते. ती पेंगत नाहीत. ती चिडतात, वर्गात एका जागी बसत नाहीत, वाचलेले विसरतात, मोठी झाली तरी अंथरूण ओले करतात. शाळा त्यांना द्वाड म्हणते, नाहीतर मंद. घशाकडे पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

याची खरी तपासणी म्हणजे रुग्णालयात एक रात्र काढायची. डोक्याला, हनुवटीला, पायांना तारा; छातीला आणि पोटाला पट्टे; नाकाखाली नळी. आमच्याकडे अशी एकच खोली आहे आणि तिच्यासाठीची प्रतीक्षायादी लांब आहे. शिवाय पाच वर्षांच्या मुलाला एवढे सगळे बांधून ‘आता झोप’ म्हणणे कितपत शहाणपणाचे आहे, हे आपणच ठरवा. म्हणून जगभर सोप्या वाटा शोधल्या जातात, आणि आमच्या विभागातही त्या वापरतात: पालकांना विचारायचे ठरावीक प्रश्न, मोबाइलवर काढलेला झोपेचा व्हिडिओ, आणि घरी नेऊन पायाच्या अंगठ्याला लावायचा ऑक्सिमीटर, जो रात्रभराचे आकडे साठवून ठेवतो.

गेज रूममधल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. आमच्याकडे भोक तपासायला पोलादी दांडा असे. त्याचे एक टोक भोकात गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. ऑपरेटरला आकडा वाचावा लागत नाही. क्षणात कळते, पार्ट चालेल की नाही. प्रत्येक पार्ट मोठ्या यंत्रावर मोजायचा म्हटले तर कारखाना बंद ठेवावा लागेल. पण त्या दांड्याची मर्यादाही आम्हांला घोटून शिकवलेली असे: पार्ट चालेल की नाही एवढेच तो सांगतो, माप किती चुकले ते सांगत नाही. अंगठ्याच्या ऑक्सिमीटरचीही एक मर्यादा आहे. त्याच्या आलेखात करवतीसारखे दाते दिसले, तर आजार आहे असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते. दाते दिसले नाहीत, तर आजार नाही असे म्हणता येत नाही. हे वाक्य मी परीक्षेत लिहिले होते आणि मला त्याचे पूर्ण गुण मिळाले होते.

या सोप्या वाटांतली सर्वांत सोपी वाट मला पुस्तकाने दाखवली नाही. ती तळवड्याच्या बाजूच्या एका आजोबांनी दाखवली. नातीला घेऊन आले होते, तेही सुनेने ढकलल्यामुळे. आमच्या डॉक्टर, ज्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान आणि माझ्याहून दहापट धीट आहेत, त्यांनी मुलगी कशी घोरते ते विचारले. आजोबा म्हणाले, “पोरगी घोरतीया म्हंजी गाढ झोपलीया की वो. त्यात आजार कसला आलाय? तिचा चुलता बी असाच घोरायचा, आता सरपंच हाय.” डॉक्टरांनी हसून त्यांना नक्कल करून दाखवायला सांगितले. आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, मान मागे टाकली आणि घोरू लागले. चार-पाच श्वासांनंतर ते गप्प झाले. ती शांतता इतकी लांबली की मला त्यांचीच काळजी वाटू लागली. मग एक आचका, एक दीर्घ हुंदक्यासारखा श्वास, आणि पुन्हा घोरणे. डोळे उघडून ते म्हणाले, “असं. मंग कूस बदलतीया.” डॉक्टर तोवर लिहू लागल्या होत्या. माणूस आजार नाकारत होता आणि त्याच वेळी त्याचे अचूक वर्णन करत होता.

त्या दिवसानंतर नकलेचा प्रश्न आमच्या विचारपुशीत कायमचा आला. अडचण एवढीच झाली की पालक लाजतात, आणि आधी तंत्रज्ञाने करून दाखवल्याशिवाय करत नाहीत. ज्या बाईने बावीस वर्षे कंपनीच्या वार्षिक समारंभात आभाराचे दोन शब्दही टाळले, ती आता दिवसातून सात-आठ वेळा परक्या माणसांसमोर घोरते: साधे घोरणे, अडखळणारे घोरणे, आचक्याचे घोरणे. बाहेर बाकावर बसलेले रुग्ण हसतात, हे मला ऐकू येते. पण लाजरे पालक त्यानंतर मोकळे होतात आणि ‘तिसरं, मॅडम, तिसरं’ असे म्हणतात. माझ्या या कलेचा मला थोडा अभिमान आहे. तो मी घरी मात्र अजून सांगितलेला नाही.

हे सगळे जिच्यामुळे लिहावेसे वाटले, त्या मुलीकडे आता येते. तिला ईश्वरी म्हणू. साडेसहा वर्षांची, पहिलीत. वडील गणेश, मूळचे लातूर जिल्ह्यातले, चाकणच्या एका कंपनीत संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर ऑपरेटर. आई सविता एका मेसमध्ये पोळ्या करायची. पहाटे चारला तिचा दिवस सुरू होई. आकुर्डीला एका खोलीत तिघे राहत. ईश्वरी घोरत होती, तोंडाने श्वास घेत होती, अंथरूण ओले करत होती. टॉन्सिल मध्यम वाढलेले. शाळेची तक्रार होती की मुलगी मध्येच उठून फिरते, मारामारी करते, शिकवलेले तिच्या डोक्यात राहत नाही. रुग्णालयातल्या पूर्ण तपासणीचा प्रयत्न झाला होता. तिने अर्ध्या तासात सगळ्या तारा उपटून काढल्या आणि चप्पल घालून दाराशी जाऊन उभी राहिली. म्हणून ऑक्सिमीटर घरी द्यायचे ठरले. तो मी दिला. अंगठ्याला कसा लावायचा, वरून मोजा कसा चढवायचा हे दाखवले, आणि म्हणाले, निघाला तर पुन्हा लावा, लक्ष ठेवा.

दुसऱ्या दिवशी नोंद उघडली तर आलेख सुरेख होता. रात्रभर रेघ पंच्याण्णव आणि अठ्ठ्याण्णव यांच्यामध्ये. एकही दाता नाही. मात्र एक गोष्ट मला खटकली. रेघ पंच्याण्णवकडे झुकू लागली की दर वेळी तिथे हालचालीची एक बारीक खूण होती, आणि त्यानंतर रेघ वर जाई. मूल झोपेत हलते, त्यात नवल नाही. पण इतके वेळेवर हलत नाही. गेज रूममध्ये असा एकसारखा आलेख समोर आला असता तर मी तो घेऊन सरळ लाइनवर गेले असते आणि विचारले असते, इथे मध्ये हात कोण घालतो? इथे मी नवी होते, नोकरीला जेमतेम वर्ष झाले होते. मनात आलेली शंका चुकीची ठरली तर डॉक्टर काय म्हणतील, या विचाराने मी ती मनातच ठेवली. नोंदीखाली लिहिले: नोंद उत्तम प्रतीची, दोष नाही. सही केली.

डॉक्टरांनी हाती आलेल्या कागदांवरून योग्य तोच सल्ला दिला: लगेच शस्त्रक्रियेची घाई नको, नाकात मारायचा फवारा द्या, तीन महिन्यांनी या. गणेशरावांना हायसे वाटले. मुलीला भूल द्यावी लागेल या कल्पनेनेच त्यांचा चेहरा उतरला होता.

तीन महिने व्हायला दोन-चार दिवस होते तेव्हा सविता एकटीच आली. दुपारची वेळ, बाह्यरुग्ण विभाग रिकामा झाला होता. तिने पिशवीतून शाळेची डायरी काढून माझ्यासमोर ठेवली. टीचरनी बोलावून घेतले होते आणि सांगितले होते, की या मुलीला साध्या शाळेत झेपणार नाही, वेगळ्या शाळेचे बघा, सुट्टीच्या आत काय ते ठरवा. सविता रडत नव्हती. पोळ्या लाटणाऱ्या हातांनी डायरीची पाने सारखी करत होती. “माझी पोरगी येडी न्हाई, मॅडम,” ती म्हणाली. “तुम्ही कागदावर लिहून द्या. तुमचं मशीन बी चांगलंच म्हणायलंय की.”

मी डायरी चाळू लागले. पानापानांवर लाल शाईतले शेरे. वर्गात लक्ष नाही. मैत्रिणीला ढकलले. गणित अपूर्ण. बावीस वर्षे मी आकड्यांचे तक्ते वाचले होते. मजकुराआधी मला त्यांची मांडणी दिसते. हे शेरे सारखे पसरलेले नव्हते. एका आठवड्यात रोज एक-दोन, मग दोन आठवडे जवळजवळ काहीच नाही, मग पुन्हा आठवडाभर. मागची पाने उलटली. तेच. तीन आठवड्यांतून एक आठवडा वाईट.

मी विचारले, या-या आठवड्यांत घरी काही वेगळे असते का. सविताने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून बोटांवर हिशेब केला. “वेगळं काय न्हाई. हे नाइटला असतेत तवा.” मग तिने स्वतःच कारण काढले. “बाप घरी असला की पोरगी शाळेत नीट राहती. धाक असंल.”

मी विचारले, घरी असतात तेव्हा ते रात्री काय करतात.

“काय करणार. झोपतच न्हाईत नीट. तिचा घोरायचा आवाज बंद झाला की उठतेत, तिला कुशीवर वळवतेत, पाठीला हात लावून धरतेत. मला तर चारला उठायचं असतं, मी मेल्यावानी झोपते. मला काय कळत बी न्हाई.”

एखादे बेअरिंग जागेवर बसावे तसे सगळे माझ्या डोक्यात बसले. पहिल्या पाळीच्या आठवड्यात गणेशराव रात्रभर घरी. दुसऱ्या पाळीत मध्यरात्रीनंतर घरी. तिसऱ्या पाळीत, म्हणजे नाइटला, मुलगी रात्रभर एकटी अडखळत श्वास घेणार आणि सकाळी तशीच शाळेत जाणार. आम्ही तपासणी केली ती पहिल्या पाळीच्या आठवड्यात. आम्ही ईश्वरीचे मोजमाप केलेच नव्हते. आम्ही मोजली होती ती वडिलांचा हात पाठीवर असलेली ईश्वरी.

डॉक्टरांच्या खोलीचे दार ठोठावण्याआधी मी बाहेर किती वेळ उभी होते, ते सांगत नाही. आत जाऊन सगळे सांगितले, आणि जुना आलेख पुढे ठेवून त्या बारीक खुणाही दाखवल्या. त्या मला तेव्हाच दिसल्या होत्या, हेही सांगितले. डॉक्टरांनी आलेख जवळ ओढून घेतला. मग म्हणाल्या, “साळवे मॅडम, कंपनीत असा ग्राफ आला असता तर काय केलं असतंत?”

“परत पाठवला असता.”

“मग इथे का नाही पाठवलात?”

उत्तराची वाट न पाहता त्यांनी आलेख फाइलमध्ये लावला. गणेशरावांना बोलावून घ्यायला सांगितले. ओरडल्या असत्या तर सोपे गेले असते.

गणेशराव सुट्टीच्या दिवशी आले. मी त्यांना विचारले, तपासणीच्या रात्री तुम्ही काय केलेत. त्यांनी अगदी कामाचा अहवाल द्यावा तसे सांगितले. करोनाच्या दिवसांत सगळ्यांना माहीत झाले होते, पंच्याण्णवच्या खाली जाता कामा नये. म्हणून त्यांनी खुर्ची घेतली, यंत्राच्या पडद्यावर नजर ठेवली, आणि आकडा पंच्याण्णववर आला की मुलीला वळवायचे असे ठरवून टाकले. सकाळपर्यंत एकदाही खाली जाऊ दिला नाही. “मशीनवर रीडिंग लिमिटकडं सरकायलं की आपण ऑफसेट देतो, मॅडम, टूल जरा सरकवतो. बघत बसून पार्ट रिजेक्ट होऊ देतो का?”

या औद्योगिक पट्ट्यातल्या कोणत्याही चांगल्या ऑपरेटरने तेच केले असते. ते सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता, आणि तो रास्त होता. डॉक्टरांनी मग सावकाश समजावून सांगितले, की त्या आकड्यांमुळे आपली दिशाभूल कशी झाली. गणेशरावांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“म्हणजे पोरीचे तीन म्हैने माझ्यामुळं गेले का?”

हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांना विचारला होता. उत्तर मी दिले, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मी म्हणाले, “नाही. माझ्यामुळे गेले. ग्राफमध्ये तुमचा हात दिसत होता. मला विचारायचा धीर झाला नाही. आणि लक्ष ठेवा असं मीच तुम्हांला सांगितलं होतं.”

गणेशराव माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “तर मग परत मोजा. पण मला घरी ठेवू नका. आवाज बंद झाला की माझ्याच्यानं बसवत न्हाई.”

दुसरी तपासणी तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात ठरली. या वेळी मी यंत्राच्या पडद्यावर इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी लावली. आकडा दिसलाच नाही तर त्याला सुधारायला कोणी जाणार नाही. सविताला एक कागद दिला. त्यावर तिने फक्त लिहायचे होते. मुलीला हात लावायचा नव्हता. अर्थात डॉक्टरांनी तिला बजावले होते, की ओठ निळे दिसले किंवा थांबलेला श्वास चटकन परत आला नाही, तर तपासणी गेली खड्ड्यात, आधी मुलीला उठवायचे. त्या दिवशी मेसमधून तिने सुट्टी घेतली. गणेशरावांना कंपनीच्या फाटकावर मोबाइल जमा करावा लागतो, त्यामुळे रात्रभर त्यांना काही कळण्याचा मार्ग नव्हता. त्यांच्या दृष्टीने ते बरेच झाले असावे.

सकाळी मी नोंद उघडायला बसले तेव्हा गणेशराव मागे येऊन उभे होते. कंपनीच्या बसमधून उतरून थेट आले होते, गणवेशात, पायात सेफ्टी शूज. थांबा बाहेर, असे सांगण्याचा नियम आहे. मी तो पाळला नाही.

पडद्यावर आलेख उमटला. सुरुवातीचा तासभर सपाट रेघ, आणि मग दाते. एकामागून एक, घोळक्याने, खोल. मध्ये थोडी विश्रांती, पुन्हा घोळका. मी काही म्हणण्याची गरज नव्हती. माप मर्यादेत आहे की बाहेर हे दाखवणारे नियंत्रणाचे तक्ते आयुष्यभर पाहिलेला तो माणूस होता.

“हे तर सगळं आउट आहे,” ते हळू म्हणाले. मग त्यांनी विचारले, “मी नाइटला असताना रोज असं होत असंल?”

मी होय म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. मला माणसांचे सांत्वन करता येत नाही. मी त्यांना आलेखातली एक जागा दाखवली, पहाटे चारच्या सुमाराची, जिथे दाते थांबून रेघ वर चढली होती. सविताच्या कागदावर त्या वेळेपुढे लिहिले होते: माझ्याच्यानं ऱ्हावलं न्हाई, एकदा वळवलं. आमच्या दृष्टीने तो तपासणीतला दोष होता. पण एकाच आलेखात दोन्ही गोष्टी एवढ्या स्पष्ट दाखवणारी नोंद मी तोवर पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिलेली नाही. मी गणेशरावांना म्हणाले, “हात काय करतो, ते बघा. तुम्ही एवढे महिने हेच केलंत.”

शस्त्रक्रिया महिन्याभरात झाली. टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड, दोन्ही. भूलतज्ज्ञांना आधीच आजाराची कल्पना असल्यामुळे त्यांनी नेहमीपेक्षा अधिक काळजी घेतली आणि मुलीला एक रात्र नजरेखाली ठेवले. पुढचे सगळे एका दिवसात झाले नाही, पण झाले. आधी अंथरूण कोरडे राहू लागले. मग डायरीतले लाल शेरे विरळ झाले, आणि त्यांची तीन आठवड्यांची लय मोडली. तो तक्ता मी स्वतः काढून ठेवला आहे. वेगळ्या शाळेचा विषय टीचरनी पुन्हा काढला नाही. ईश्वरी आता सहावीत आहे. गणितात बरी आहे, मारामारी अजूनही करते. सगळाच दोष टॉन्सिलचा नव्हता.

तेव्हापासून आमच्या विभागात कोणताही ऑक्सिमीटर उघड्या पडद्याने घरी जात नाही. चिकटपट्टी निघते, पोरे ती काढतात, हे गणेशरावांना कळले तेव्हा ते एका रविवारी नायलॉनच्या तुकड्यातून कातून काढलेले एक टोपण घेऊन आले. ते यंत्रावर टचकन बसते आणि आमच्या खास चावीशिवाय निघत नाही. मापे इतकी नेमकी होती की मी व्हर्नियर आणून तपासली, आणि तपासल्याबद्दल त्यांना राग आला नाही, उलट बरे वाटले. आज आमची सगळी यंत्रे ती टोपणे घालून आकुर्डी, कासारवाडी, चाकणच्या घराघरांत रात्र काढून येतात. डॉक्टरांनी मला बालरोगतज्ज्ञांच्या एका बैठकीत हे सगळे सांगायला उभे केले. नऊ मिनिटे बोलले. शेवटी घोरण्याचे तिन्ही प्रकार करून दाखवले आणि सभागृहातले एक ज्येष्ठ डॉक्टर उठून म्हणाले, चौथाही असतो, आणि त्यांनी तो करून दाखवला. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत अभिमानाची दुपार होती, असे लिहिताना अजूनही कोणीतरी हसेल असे वाटते.

आमच्या छापील अर्जावर घोरण्याविषयी बरेच प्रश्न आहेत, ते जगभर विचारले जातात. त्यांच्यावर सगळ्यांत आधी दोन प्रश्न मी घातले आहेत. घरात कोणाची कोणती पाळी असते, हा पहिला. दुसरा विचारला की पालक एकमेकांकडे बघतात. बहुधा दोघांपैकी एकाला उत्तर माहीतच नसते. कधी ते उत्तर आजीकडे असते, कधी मोठ्या बहिणीकडे, कधी नाइट करून आलेल्या बापाकडे, आणि त्या माणसाला वाटत असते की आपण करतो त्यात सांगण्यासारखे काही नाही. गेल्या महिन्यात गणेशराव भेटले. मी सहज विचारले, आता तरी झोपता ना. ते ओशाळून हसले. “न्हाई, मॅडम. आता आवाजच येत न्हाई. म्हणून उठून बघतो.”

तो दुसरा प्रश्न मी वाचकांनाही विचारते आणि थांबते. तुमच्या घरात एखादे मूल घोरत असेल, तर रात्री उठून त्याला कुशीवर कोण वळवते, आणि त्या माणसाला आजवर कोणी काही विचारले आहे का?